पट्टी हिरवी, तरी खातं उघडं: पासवर्ड तपासणारी साधनं फसतात तेव्हा काय करायचं

"मॅडम, पट्टी पूर्ण हिरवी होती की! मग दुसऱ्या कुणी माझं खातं उघडलं कसं?"

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात गेली बारा वर्षं मी संगणक विभाग सांभाळते. जून-जुलैत ऑनलाइन अर्ज सुरू झाले की हा प्रश्न येतोच. कधी मुलगी विचारते, कधी तिचे वडील, आणि एकदा तर आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांनीच विचारला होता. गेल्या वर्षी मात्र जे घडलं त्याने माझी झोप उडाली. वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीचा ऐच्छिक विषय तिच्या नकळत बदलला गेला. तिचा पासवर्ड म्हणजे ग्रामदैवताचं नाव आणि त्यापुढे जन्मवर्ष. खोलीतल्या मैत्रिणीला तो तिसऱ्या प्रयत्नात सापडला. पोर्टलवरच्या मीटरने, म्हणजे पासवर्ड किती मजबूत ते रंगीत पट्टीने दाखवणाऱ्या साधनाने, त्याच पासवर्डाला चारपैकी चार गुण दिले होते.

त्या मुलीची काहीच चूक नव्हती. साधनाने "उत्तम" म्हटलं, तिने विश्वास ठेवला. चूक आमची होती, कारण ते साधन आम्ही जसंच्या तसं बसवलं होतं. त्यानंतर मी या विषयाच्या मुळाशी गेले. जे सापडलं आणि ज्याने आमचा प्रश्न सुटला ते इथे सविस्तर मांडते. पोर्टल सांभाळणाऱ्यांना आणि नुसता पासवर्ड ठेवणाऱ्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल.

दुखणं नेमकं कोणतं?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण चार प्रकारच्या असतात. मीटर हिरवा, पण ओळखीच्या माणसाने पासवर्ड ओळखला. एकच पासवर्ड दोन साधनांत घातला, तर एक "कमकुवत" म्हणतं आणि दुसरं "अभेद्य". लांबलचक, खरोखर चांगला पासवर्ड "अंक नाही" म्हणून नाकारला जातो आणि त्याच जागी "पासवर्ड@१२३" छाप काहीतरी सहज खपतं. चौथी तक्रार देवनागरीत पासवर्ड ठेवणाऱ्यांची: एका यंत्रावर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे आणि खरी मेख तिथेच आहे, म्हणून त्यांवर जास्त लिहिते.

त्याआधी एक कळकळीची विनंती. "तुमचा पासवर्ड किती मजबूत?" अशा कुठल्याही पानावर आपला चालू पासवर्ड टाकू नका. त्याच धाटणीचा दुसरा बनवा आणि तो टाकून पाहा. ग्रामदैवत आणि वर्ष असेल तर दुसऱ्या गावचं दैवत आणि दुसरं वर्ष घ्या; उत्तर तेच मिळेल. पान पूर्ण उघडल्यावर वायफाय बंद करून टाइप केलं तरी पट्टी हलत असेल, तर हिशोब आपल्याच यंत्रावर होतोय एवढं कळतं. पण जाळं परत जोडल्यावर ते पान काय पाठवेल याची खात्री त्यातून मिळत नाही. म्हणून खरा पासवर्ड तिथे नकोच.

एकच पासवर्ड, तीन उत्तरं

उदाहरण म्हणून "विठ्ठलपंढरपूर" हा पासवर्ड घेऊ. रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. विठ्ठलची सात आणि पंढरपूरची दहा, अशी एकूण सतरा अक्षरं.

पहिल्या जातीची साधनं फक्त लांबी आणि अक्षरांचे प्रकार मोजतात. सव्वीस अक्षरांपैकी कोणतंही, सतरा वेळा, असा गुणाकार मांडतात. उत्तर येतं जवळपास ८० बिट (एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात). हे गणित बरोबर आहे, फक्त एका अटीवर: प्रत्येक अक्षर फासा टाकून निवडलेलं हवं. विठ्ठलातलं "व" कुणी फासा टाकून आणलेलं नसतं.

दुसऱ्या जातीचं साधन जास्त शहाणं आहे. त्याचं नाव झेडएक्ससीव्हीबीएन. इंग्रजी कीबोर्डच्या सर्वांत खालच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं म्हणजेच त्याचं नाव. ड्रॉपबॉक्समधल्या डॅनियल व्हीलर यांनी ते लिहिलं आणि २०१२ साली सर्वांसाठी खुलं केलं. वर्डप्रेसने २०१३ मध्ये, ३.७ या आवृत्तीपासून ते घेतलं. बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी यांसारख्या पासवर्ड जपणाऱ्या साधनांतही हाच विचार आहे. म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या कितीतरी रंगीत पट्ट्यांच्या मागे हेच बसलेलं असतं. आमच्याही पोर्टलवर हेच होतं.

ते पासवर्डाचे तुकडे पाडतं. हा शब्द यादीत आहे का, उलटा लिहिलाय का, ए च्या जागी @ घातलाय का, ही कीबोर्डवरची सरळ रेघ आहे का, तारीख आहे का, असं एकेक तपासतं. मग हल्ला करणाऱ्याला किती अंदाज करावे लागतील याचा आकडा काढतं आणि त्यावरून ० ते ४ गुण देतं. हजार अंदाजांच्या आत सापडणारा पासवर्ड शून्याचा, दहा लाखांच्या आतला एकचा, दहा कोटींच्या आतला दोनचा, एक हजार कोटींच्या आतला तीनचा आणि त्यापुढचा चारचा.

आता त्याच्याजवळच्या याद्या कोणत्या ते पाहा. फुटलेल्या खात्यांतून गोळा झालेले नेहमीचे पासवर्ड, अमेरिकेच्या जनगणनेतली नावं-आडनावं, इंग्रजी विकिपीडियातले शब्द, अमेरिकी मालिका-चित्रपटांतले शब्द. या याद्यांना जेनिफर माहीत आहे, आपली जनाबाई माहीत नाही. जो शब्द यादीत सापडत नाही त्याचं प्रत्येक अक्षर ते दहा शक्यतांचं धरतं. म्हणजे अकरा अक्षरांचा कोणताही अनोळखी शब्द त्याच्या लेखी दहा हजार कोटी अंदाजांचा होतो आणि चारपैकी चार मिळवतो. "भैरवनाथ" रोमनमध्ये बरोबर अकरा अक्षरांचा आहे. आमच्या त्या मुलीचं कोडं मला इथे सुटलं.

"विठ्ठलपंढरपूर"साठी हे साधन दहाच्या सोळाव्या-सतराव्या घाताच्या घरातला आकडा देतं. बिटांत सांगायचं तर ५५च्या आसपास. गुण अर्थातच चार.

आता त्याच साधनाला "विठ्ठल" आणि "पंढरपूर" हे दोन शब्द आधी शिकवा आणि पुन्हा तपासा. यादीतल्या पहिल्या पन्नासांत असलेल्या तुकड्याला ते किमान पन्नास अंदाज धरतं. दोन तुकडे, म्हणजे पन्नास गुणिले पन्नास. तुकड्यांच्या क्रमासाठी दोनने गुणायचं, ते झाले ५,०००. शिवाय दोन तुकडे असल्याबद्दल १०,००० ची भर. एकूण १५,०००. चौदा बिटसुद्धा भरत नाहीत. गुण चारवरून एकदम एकवर.

८०, ५५ आणि १४. पासवर्ड तोच, पहिल्या साधनाला काहीच माहीत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी माहीत होतं, तिसऱ्याला थोडं मराठी शिकवलं होतं. "मग नक्की खरं कोणतं, मॅडम?" असं मुलं विचारतात. ज्याला तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त माहीत आहे त्याचं. कारण तुमचं खातं उघडू पाहणाऱ्यालाही तेवढंच माहीत असतं.

साधनांचा मेळ एकमेकांशी बसत नाही, हे काही आपल्याकडेच लक्षात आलेलं नाही. मॉन्ट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी मोठमोठ्या संकेतस्थळांचे मीटर शेजारी शेजारी ठेवून तपासले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातही हेच दिसलं: एकाच पासवर्डाला एकीकडे अगदी खालचा दर्जा, दुसरीकडे अगदी वरचा.

उपाय: मीटरला मराठी शिकवा

या साधनाला पासवर्डासोबत दुसरी एक यादी देता येते: त्या माणसाशी संबंधित शब्दांची. ही सोय पहिल्यापासून आहे. आमच्या पोर्टलवर ती वापरली होती, पण त्यात फक्त ईमेलचा पत्ता जात होता आणि तोही अख्खा, @ आणि त्यापुढच्या भागासकट. अख्खा पत्ता पासवर्डात कोण घालतं? त्याचे तुकडे पाडूनच यादीत टाकायला हवेत. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जन्मवर्ष, मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक, महाविद्यालयाचं नाव आणि त्याचं बोलीतलं लघुरूप, हे सगळं सुटं सुटं. "ज्ञानेश्वर महाराज" असं जोडून टाकलं तर मधल्या जागेसकटच जुळेल, म्हणून ते दोन शब्द वेगळेच हवेत. मोठी अक्षरं साधन आपणच लहान करून घेतं, ती काळजी नको.

दुसरी यादी सर्वांसाठी सामाईक. ती आम्ही घरीच बनवली आणि हे काम मला मनापासून आवडलं. तृतीय वर्षाच्या सहा मुली आणि मी, दोन शनिवार बसलो. देवदेवता, ग्रामदैवतं, संत, गडकोट, तालुके, नात्यांची नावं, लाडाची नावं, सण, पिकं, घोषणा. "आईबाबा" पहिल्या दहांतच आलं. क्रम महत्त्वाचा आहे: यादीत जो शब्द जितका वर, तो तितका सोपा धरला जातो. म्हणून मुली जे पासवर्ड म्हणून सर्रास ठेवतात ते वर आणि अडनिडं खाली.

खरी डोकेदुखी होती रोमन स्पेलिंगची. ज्ञानेश्वर लिहायला कुणी डी-एन-वाय ने सुरुवात करतं, कुणी जी-वाय ने, कुणी जे-एन ने. शेवटच्या "श्वर"मध्ये कुणाचा व्ही, कुणाचा डब्ल्यू. विठ्ठलात एक टी की दोन? शीतलमध्ये एक आय की दोन ई? आणि "आ"साठी एक ए की दोन? यादीत एक रूप असेल आणि मुलीने दुसरं लिहिलं तर मीटर पुन्हा आंधळा. म्हणून हाताने सगळी रूपं लिहायच्या भानगडीत न पडता एका विद्यार्थिनीने छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक शब्दाची अशी बदलती रूपं तो आपोआप काढतो. मूळ ९०० च्या आसपास शब्दांची यादी त्यामुळे काही हजारांवर गेली. यादी फुगली की मीटर जड होईल अशी भीती होती, पण आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रांवरही फरक जाणवला नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. यादी भरली म्हणजे काम झालं, असं मला आठवडाभर वाटलं होतं. मग एका मुलीने "विठ्ठल@पंढरपूर" टाकून पाहिला आणि मीटर परत हिरवा झाला. हिशोब हाताने मांडून पाहिला तेव्हा कारण कळलं. @ मुळे तुकडे झाले तीन. वर म्हटलेली भर प्रत्येक वाढीव तुकड्याला दहा हजार पटींनी वाढते. दोन तुकड्यांना १०,०००, तीन तुकड्यांना थेट दहा कोटी. म्हणजे तुकडे कितीही सोपे असले तरी तीन झाले की अंदाज दहा कोटींच्या खाली येतच नाही आणि गुण तीनच्या खाली जात नाहीत. आमच्या पोर्टलवर तीनला पास होतं. कितीतरी ठिकाणी असंच असतं.

म्हणून आम्ही दोन बदल केले. पास व्हायची रेघ तीनवरून चारवर नेली. शिवाय सर्व्हरवर एक साधी स्वतंत्र तपासणी घातली: पासवर्डातून चिन्हं आणि अंक काढून टाकल्यावर जे उरतं ते आमच्या यादीतल्या एक-दोन शब्दांनीच बनलेलं असेल, तर सरळ नकार. ही तपासणी लिहायला एक दुपार लागली आणि तिचा उपयोग मीटरपेक्षा जास्त झाला.

वर्षांबद्दलही सांगते. मूळ जावास्क्रिप्ट आवृत्ती २०१७ नंतर पुढे सरकलेली नाही. "अलीकडचं वर्ष" ओळखण्याचा तिचा नमुना २०१९ पर्यंतच आहे. तुमच्याकडे तीच असेल तर चालू दशकातली वर्षं आपल्या यादीत स्वतः घाला.

एवढं करूनही खाती फुटतायत?

मग सर्व्हर बघा. मीटर ब्राउझरमध्ये चालतो. त्याची फाइल दाबून लहान केली तरी चारशे केबीच्या आसपास असते, कारण त्यात याद्याच भरलेल्या असतात. गावाकडे रेंज दोन काड्यांची असते, तेव्हा ती फाइल यायच्या आत मुलगी अर्ज भरून मोकळी होते. सर्व्हर स्वतः काहीच तपासत नसेल तर तो मुकाट्याने काहीही स्वीकारतो. आमच्याकडे असे अर्ज निघाले. मीटर हा मार्गदर्शनासाठी असतो, दारावर उभं राहण्याचं काम सर्व्हरचं. हाच हिशोब सर्व्हरवर पुन्हा करा. तिथे पासवर्डाच्या लांबीला वरची मर्यादाही ठेवा, साधारण शंभर अक्षरं, कारण फार मोठा मजकूर आला की हे साधन रेंगाळतं.

दुसरं, फुटलेल्या पासवर्डांशी पडताळणी. ट्रॉय हंट यांच्या "हॅव आय बीन पोन्ड" या संकेतस्थळाने २०१७ साली फुटलेल्या पासवर्डांचा साठा खुला केला तेव्हा त्यात ३० कोटींहून अधिक पासवर्ड होते. इतरांनी आधी वापरलेला आणि चोरीला गेलेला पासवर्ड कितीही अवघड दिसो, तो हल्लेखोरांच्या यादीत आहेच, आणि त्या साठ्यात भारतीय नावंही भरपूर सापडतात. "पण मग आपला पासवर्ड त्यांना द्यायचा?" ही शंका प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवी. २०१८ पासून त्याची चांगली सोय आहे. पासवर्डाचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली आणि उलट फिरवता न येणारी खूण, आपल्याच यंत्रावर काढायचा. ती ४० चिन्हांची ओळ असते. त्यातली फक्त पहिली पाच चिन्हं पाठवायची. तिकडून त्या पाचांनी सुरू होणारे शेकडो हॅश येतात. आपला त्यात आहे का, हे आपण इकडेच पाहायचं. कोणता शोधत होतो ते तिकडे कळत नाही. कीपासएक्ससी आणि बिटवॉर्डन या दोन्हींत ही तपासणी आहे. घरच्या माणसांनी तिथूनच करावी.

तिसरी गोष्ट, पासवर्ड साठवले कसे आहेत. चार गुण म्हणजे किमान एक हजार कोटी अंदाज. हे साधन स्वतःच चार परिस्थितींतला वेळ सांगतं. पासवर्ड संथ हॅशने साठवले असतील आणि चोर सेकंदाला दहा हजार अंदाज करत असेल, तर हजार कोटींना अकरा-बारा दिवस लागतात. जलद हॅश असेल आणि सेकंदाला एक हजार कोटी अंदाज होत असतील, तर एक सेकंद. चार गुणांचा पासवर्ड, एक सेकंदात! तुमच्या पोर्टलचं काम बाहेरच्या माणसाने केलं असेल तर त्याला हा एक प्रश्न जरूर विचारा: पासवर्ड कोणत्या हॅशने ठेवलेत? आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट असं, म्हणजे संथ हॅशचं, उत्तर आलं पाहिजे. उत्तरात एमडी५ हा जलद हॅश आला तर मीटरची चर्चा बाजूला ठेवून आधी ते बदलून घ्या.

आणि चुकीच्या प्रयत्नांना लगाम हवाच. खोलीतली मैत्रीण सेकंदाला हजार अंदाज करत नाही, ती आठवून आठवून दहा करते. पाच चुकांनंतर पंधरा मिनिटं थांबवलं आणि मालकिणीला एसएमएस गेला, तर निम्मं काम तिथेच होतं.

चांगला पासवर्ड नाकारला जातोय

"एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह" हा नियम अजून कितीतरी ठिकाणी आहे. तो अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या जुन्या मार्गदर्शनातून सगळीकडे पसरला. ते लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी संस्थेने आपला सल्ला बदलला: असे नियम लादू नका, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी वाढवू द्या आणि नेहमीच्या व फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी पडताळा. पोर्टल तुमच्या हातात असेल तर तो जुना नियम काढून टाका. हातात नसेल तर शब्दांच्या शेवटी एक अंक, एक चिन्ह आणि एक मोठं अक्षर चिकटवून पुढे जा. मूळ लांबी मात्र कमी करू नका.

लिनक्सच्या प्रयोगशाळेत "बॅड पासवर्ड" असा संदेश येऊनही पासवर्ड बदलला जातो, असंही पुष्कळ जण विचारतात. तुम्ही रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यातून, बदलताय. रूटला नुसती ताकीद मिळते, अडवलं जात नाही. पासवर्ड तपासणाऱ्या पीडब्ल्यूक्वालिटीच्या सेटिंगमध्ये "एन्फोर्स फॉर रूट" चालू केलं की अडवेल. तिथे शब्द तपासणारं क्रॅकलिबही इंग्रजी यादीवरच चालतं. त्यालाही आपली रोमन-मराठी यादी जोडून नवा कोश बांधता येतो. आम्ही तीच फाइल दोन्हीकडे वापरली.

देवनागरी पासवर्ड

हा माझा जिव्हाळ्याचा विषय. आपल्या लिपीत पासवर्ड ठेवावासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे आणि मुली ठेवतातही. पण इथे मीटर सगळ्यात जास्त फसतो. त्याच्या याद्यांत देवनागरीचा एकही शब्द नाही. "विठ्ठल" आपल्याला तीन अक्षरं दिसतात. यंत्र सहा चिन्हं मोजतं: व, वेलांटी, ठ, पाय मोडायचं हलन्त चिन्ह, पुन्हा ठ, ल. "जय हरी विठ्ठल" मधल्या दोन जागांसकट तेरा चिन्हांचं भरतं आणि चारपैकी चार गुण घेऊन जातं. वारीच्या वाटेवरचं लहान मूलही जे म्हणेल ते मीटरला अभेद्य वाटतं. उपाय तोच: देवनागरी शब्दांचीही यादी द्या.

दुसरा घोळ साठवणीत होतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवताना तीन बाइट घेतं. बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट पाहतो. म्हणजे देवनागरीची २४ चिन्हं झाली की संपलं. एखादीने पाठ असलेली अभंगाची लांब ओळ ठेवली, तर बऱ्याच ठिकाणी पंचविसाव्या चिन्हापासून पुढचं कुणी विचारतच नाही. शेवट चुकीचा टाइप केला तरी खातं उघडतं. तुमच्याकडे असं होतंय का हे एक चाचणी खातं उघडून पाच मिनिटांत पाहता येईल. होत असेल तर आर्गॉन२ कडे वळा, तिथे ही अडचण नाही.

आणि "घरी चालतो, कॉलेजात चालत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा "ऱ्य" मध्ये असतं. आमच्याकडच्या एका मुलीच्या पासवर्डात "दऱ्या" हा शब्द होता. चंद्रकोरीसारखा तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर देऊन त्याचा पाय मोडतात. काही साधाच र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण लावूनही हे दोन एकत्र येत नाहीत, कारण ते न दिसणारं चिन्ह तसंच राहतं. मोबाइलवर ठेवलेला पासवर्ड म्हणून संगणकावर नाकारला जातो. तोपर्यंत मुलीने पाच वेळा प्रयत्न करून खातं कुलूपबंद करून घेतलेलं असतं. पासवर्डात ऱ्य आणि ऱ्ह टाळा, एवढा सोपा उपाय मी सध्या सांगते. जुळणीच्या आधी दोन्ही रूपं एक करणं हे पोर्टल बनवणाऱ्याचं काम आहे.

मग ठेवायचा तरी कोणता?

आम्ही आता मुलींना शब्द निवडू देत नाही, फासे निवडतात. पाच फाशांची आणि ७,७७६ शब्दांची डाइसवेअर ही पद्धत अर्नोल्ड रेनहोल्ड यांनी १९९५ साली काढली. आम्ही चार फाशांची मराठी यादी केली: सहा गुणिले सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे १,२९६ शब्द. कुदळ, वांगं, पणती, खुंटी, टोपली असे. रोमनमध्ये प्रत्येकाचं एकच ठरलेलं स्पेलिंग. चार फासे टाकायचे, आलेल्या आकड्यांचा शब्द लिहायचा, असं सहा वेळा. न आवडलेला शब्द बदलायचा नाही, हा नियम कडक पाळायचा. आवडीनिवडी आल्या की परत ग्रामदैवत येतं. एकूण शक्यता ४७ वर सतरा शून्यं. यादी चोराच्या हातात असली आणि तो सेकंदाला एक हजार कोटी अंदाज करत असला, तरी सगळ्या शक्यता संपवायला त्याला पंधरा वर्षं लागतील.

लांबी मोजणारी साधनं अशा पासवर्डाला शंभराहून अधिक बिट देतील. खरे बिट ६२ आहेत आणि तेवढे पुरेसे आहेत.

त्या वसतिगृहातल्या मुलीने माझ्या टेबलावर फासे टाकले तेव्हा पहिलाच शब्द "उखळ" आला. सहा शब्द तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, आठवडाभर रोज दोनदा लॉगिन केलं आणि मग ते पान माझ्यासमोर फाडलं. तिचा ऐच्छिक विषय परत जागेवर आणायला मात्र आम्हाला विद्यापीठाकडे दोन हेलपाटे घालावे लागले.